मित्रासाठी ७५ हजारांत गेमिंग पीसी: पार्ट सुचवा (सोलापूर, घराला लागून मागाचं शेड)

अशोकचौकी | ४ मे २०२४, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. शाळेपासूनच्या दोस्तासाठी विचारतोय. तो आमच्या पूर्व भागातच राहतो, घरचे टॉवेलचे माग आहेत. गेली दोन वर्षं मोठ्या भावाच्या जुन्या लॅपटॉपवर व्हॅलोरंट खेळतोय. स्क्रीन अडकते, लॅपटॉप तव्यासारखा तापतो, तरी खेळतो. यंदा वडिलांनी ७५ हजार मंजूर केलेत, मॉनिटर धरून. अट एकच: पाच वर्षं परत पैसे मागायचे नाहीत. ते पैसे कसे उभे राहिलेत ते मी डोळ्यांनी पाहिलंय, त्यामुळे चुकीची वस्तू घरात जायला नको.

खेळायचं ते व्हॅलोरंट, जीटीए ५ आणि जमलं तर सायबरपंक २०७७. एका दुकानातून कोटेशन आणलंय: "आय ५ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक कार्ड, ५१२ एसएसडी, आरजीबी गेमिंग कॅबिनेट एसएमपीएससहित (वीज पुरवणारा डबा), २४ इंची मॉनिटर. एकूण ६२,०००." दोस्त खूश आहे, म्हणतो १३ हजार वाचले. मला काहीतरी खटकतंय, पण नेमकं सांगता येत नाही. जाणकारांनी बघावं.

जुळे_सोलापूरकर | ४ मे, रात्री ११.१५

बरं झालं पैसे देण्याआधी विचारलंत. या कोटेशनमध्ये एकाही वस्तूचं मॉडेल लिहिलेलं नाही, खटकतंय ते हेच.

आय ५ हे आडनाव समजा. २०१३ चा चौथ्या पिढीचाही आय ५ आणि २०२२ चा बाराव्या पिढीचाही आय ५. दोघांत जमीन-अस्मानाचा फरक. "४ जीबी ग्राफिक कार्ड" हे तर सगळ्यात फसवं वाक्य. जीटी ७३० नावाचं २०१४ चं कार्ड अजून नवं म्हणून विकलं जातं, त्यावर ४ जीबी मेमरी लावलेली असते. पण जीबी म्हणजे गोदामाची जागा. काम करणारे हात कमी असले तर गोदाम मोठं असून काय उपयोग? सायबरपंक त्यावर खेळण्याजोगा चालणार नाही.

दुकानदार फसवतोच असं मी म्हणत नाही. बऱ्याच जणांना ऑफिसचे पीसी विकायची सवय असते. उद्या जाऊन शांतपणे सांगा की प्रत्येक ओळीपुढे कंपनी, पूर्ण मॉडेल आणि वॉरंटीची वर्षं लिहून द्या, बिल जीएसटीचं पाहिजे. मग बोलू.

कडक_भाकरी | ४ मे, रात्री ११.३२

७५ मध्ये आरटीएक्स ४०६० ग्राफिक कार्ड बसतं. बाकी सगळं त्याच्याभोवती बसवा.

अशोकचौकी | ५ मे, सायंकाळी ७.०५

जाऊन आलो. चौथ्या पिढीचा आय ५, रिफर्बिश्ड (वापरलेला, दुरुस्त करून विकलेला), एक वर्ष दुकानाची वॉरंटी. कार्ड जीटी ७३०. जुळेदादा, तुम्ही न बघता सांगितलंत. एसएमपीएसची कंपनी विचारली तर "कॅबिनेटमध्ये येतोच, ५०० वॅटचा आहे" एवढंच उत्तर.

जुळे_सोलापूरकर | ५ मे, रात्री ९.२०

तो प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीतच नाही. विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या दोन सोयी लागतात. म्हणजे ज्या गेमसाठी घेताय तीच अडणार. सोडून द्या तो विषय.

आता माझी यादी. भाव कालच दोन-तीन ठिकाणी विचारलेत, शे-दोनशे इकडेतिकडे होतील. रायझन ५ ५६०० प्रोसेसर १०,८०० ला, बी५५० चिपसेटचा मदरबोर्ड ८,९००, रॅम ८-८ च्या दोन पट्ट्या डीडीआर४ ३२०० च्या ३,४००, एक टीबी एनव्हीएमई एसएसडी ५,४००, आरटीएक्स ४०६० हे २८,५००, ५५० वॅट ब्रॉन्झ एसएमपीएस ४,३००, पुढून जाळी असलेलं कॅबिनेट तीन फॅनसकट ३,७००, २४ इंची आयपीएस १८० हर्ट्झ (सेकंदाला १८० चित्रं दाखवणारा) मॉनिटर ९,९००. बेरीज ७४,९००.

५६०० ला सहा कोर, बारा थ्रेड, ३२ एमबी कॅशे (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी). नावाखाली फसू नका: ५६००जी हा वेगळा आहे, त्यात कॅशे निम्मी आणि कार्डासाठीची लेन, म्हणजे डेटाचा रस्ताही जुना, पीसीआयई ३ चा. तुम्ही स्वतंत्र कार्ड घेणार, तर साधा ५६०० च घ्या. रॅमची एकच १६ ची पट्टी कोणी गळ्यात मारली तर घेऊ नका, दोन पट्ट्यांनी मेमरीचा रस्ता दुपदरी होतो आणि व्हॅलोरंटसारख्या प्रोसेसरवर चालणाऱ्या गेमला तो फरक लगेच दिसतो.

हुतात्मा_एक्सप्रेस | ५ मे, रात्री ९.४८

पाच वर्षांची अट आहे ना? मग एएम५ सॉकेट (प्रोसेसर बसतो ती जागा) का नको? रायझन ५ ७६०० घेतला तर पुढे प्रोसेसर बदलायला वाव राहतो. एएम४ हे २०१६ चं सॉकेट आहे.

जुळे_सोलापूरकर | ५ मे, रात्री १०.१०

भाऊ, मुद्दा बरोबर आहे. बजेट ९० असतं तर मीही तेच सांगितलं असतं. पण एएम५ ला रॅम डीडीआर५ च लागते, बोर्ड महाग, प्रोसेसर महाग. तिन्ही मिळून माझ्या हिशेबाने १४-१५ हजार वाढतात आणि ते कापायचे कार्डातून. आणि एएम४ चा रस्ता अगदी बंदही नाही. याच जानेवारीत ५७००एक्स३डी आलाय: आठ कोर, ९६ एमबी कॅशे, याच बोर्डावर बसतो. तीन वर्षांनी गरज वाटलीच तर तो बघता येईल.

कडक_भाकरी | ५ मे, रात्री १०.२२

यादी एक नंबर. लॉक करा.

विजापूररोड_ताई | ६ मे, सकाळी ९.०५

थांबा, लॉक करू नका. मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करते, गेम खेळत नाही, पण या यादीत काय नाही ते मला दिसतंय.

तीन वर्षांपूर्वी मी असाच मनापासून पीसी असेंबल करून घेतला होता. प्रोसेसर चांगला, कार्ड चांगलं, आणि एसएमपीएस कॅबिनेटसोबत आलेला. मे महिन्यातली संध्याकाळ, वळवाचा पाऊस सुरू झाला, लाईट गेली, आली, परत गेली, परत आली. चौथ्यांदा आली तेव्हा मागून "टक्" असा बारीकसा आवाज आला आणि जळक्या प्लॅस्टिकचा वास खोलीभर पसरला. बोर्ड गेला, सोबत हार्ड डिस्क गेली. डिस्कवर एका मुलीच्या हळदीचं सगळं शूटिंग होतं. त्या घरी जाऊन सांगताना तिच्या आईकडे मला बघवत नव्हतं. दुकानदार म्हणाला, एसएमपीएसची वॉरंटी सहा महिन्यांची होती.

म्हणून विचारते: यूपीएस कुठे आहे? घरातल्या प्लगला अर्थिंग आहे का? शेजारी माग आहेत म्हणता, मग व्होल्टेज कसं असतं?

अशोकचौकी | ६ मे, दुपारी १.३०

ताई, वाचून कसंतरी झालं. खरं सांगायचं तर यातलं काहीच विचारलं नव्हतं. आत्ता दोस्ताच्या घरी येऊन बघितलं. सकाळी माग सुरू करताना खोलीतली ट्यूब क्षणभर मंद होते, रोजचंच आहे म्हणे. लॅपटॉप चार्जिंगला असताना त्याच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात. एक्स्टेंशन बोर्ड तीन पिनीचा आहे, पण भिंतीतला सॉकेट जुना.

तारजोड | ६ मे, रात्री ८.४५

मी वायरमन आहे, २२ वर्षं हेच काम करतो. गेमिंगमधलं मला कळत नाही, पण त्या झिणझिण्यांचं कारण सांगतो.

कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमध्ये लाईन जिथून आत येते तिथे फिल्टर असतो. त्यातले दोन बारीक कॅपॅसिटर फेज आणि न्यूट्रलमधून पत्र्याला जोडलेले असतात, आणि पत्रा अर्थला. अर्थिंग असेल तर तो गळणारा करंट गुपचूप जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर पत्र्यावर निम्मं व्होल्टेज, म्हणजे २३० चं सुमारे ११५, तरंगत राहतं. करंट अगदी कमी म्हणून माणूस मरत नाही, झिणझिण्या येतात. पण त्याच पत्र्याला तुमचा बोर्ड स्क्रूने आवळलेला असतो आणि मॉनिटरची केबल लावता-काढताना तो फरक पोर्टातून जातो. काहीतरी जळतं ते असं.

तपासायचं कसं: मल्टीमीटरने फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ मोजा, दोन्ही जवळपास सारखं आलं पाहिजे. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या वर दिसलं तर गडबड आहे. हे काम वायरमनकडूनच करून घ्या, पोरांनी सॉकेटात सळ्या घालायच्या नाहीत. अर्थिंगचा खड्डा असेल तर बघा शेवटचं पाणी कधी ओतलंय. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये जमीन भेगाळते, कोरड्या मातीत अर्थिंग असून नसल्यासारखं होतं. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं हे मलाही माहीत आहे, भांडी विसळलेलं पाणी ओता, चालतं.

अजून एक. एसएमपीएसच्या मागे ११५/२३० लिहिलेला लाल स्विच दिसला तर तो माल जुन्या पद्धतीचा, घेऊ नका. चांगला एसएमपीएस १०० ते २४० व्होल्ट आपोआप सांभाळतो. माग सुरू होताना व्होल्टेज १८० ला आलं तरी तो डगमगत नाही. आणि तो लाल स्विच चुकून कोणी ११५ वर ढकलला तर लगेच फटाका.

जुळे_सोलापूरकर | ६ मे, रात्री ९.३०

तारजोडदादा, हात जोडतो. मी इतके पीसी जोडले, अर्थिंग कधी मोजलं नाही. यापुढे मोजून घेईन.

ताई, तुमचंही खरं आहे. माझ्या यादीत यूपीएसला जागा नव्हती, प्रोसेसरच्या कुलरलाही नव्हती. आता नव्याने मांडतो. हा पीसी गेम चालू असताना साधारण २५० वॅट आणि मॉनिटर २५ धरा. ६०० व्हीएचा यूपीएस बहुतेक ३६० वॅटचा असतो, कागदावर पुरतो, पण बॅटरी जुनी झाली की भार आल्यावर बसतो. १००० व्हीएचा घ्या, ५,५०० च्या आसपास. ५६०० सोबत येणारा कुलर लहान आहे. प्रोसेसरचं तापमान खोलीच्या तापमानावर चढतं: खोली दहा अंशांनी तापली की प्रोसेसरही जवळपास दहानेच वर. पुण्यात २७ च्या खोलीत जो ७० वर राहतो, तो आपल्याकडे ३८ च्या खोलीत ८० ओलांडतो. त्याची मर्यादा ९०. म्हणून १,९०० चा टॉवर कुलर.

हे झाले ७,४००. आणायचे कुठून? ४०६० ऐवजी आरएक्स ६६०० कार्ड घेतलं तर ८,००० सुटतात. नवी बेरीज ७४,३००.

कडक_भाकरी | ६ मे, रात्री ९.४१

नाही पटलं. ४०६० बऱ्यापैकी फास्ट आहे. कमी कष्टात जास्त फ्रेम देणारं डीएलएसएस आहे, मधल्या फ्रेम स्वतः बनवणारं फ्रेम जनरेशन आहे. गेमिंग पीसीत कार्डच कापायचं? यूपीएस पुढच्या दिवाळीला घेता येईल.

हुतात्मा_एक्सप्रेस | ६ मे, रात्री ९.५५

किंवा बी५५० ऐवजी ए५२० बोर्ड घ्या, तीन हजार वाचतील, ४०६० राहील.

जुळे_सोलापूरकर | ६ मे, रात्री १०.३०

ए५२० वर पीसीआयई ३ च आहे. ४०६० आणि ६६०० दोन्ही कार्डं आठच लेन वापरतात, तिथे जुना वेग मिळाला तर कार्डाची मेमरी भरल्यावर फटका बसतो. शिवाय त्या बोर्डांना प्रोसेसरच्या वीजपुरवठ्यावर पुष्कळदा उष्णता सोडणारी साधी धातूची पट्टीही नसते, आपल्या उन्हाळ्यात ते नको.

भाकरी, तुझं म्हणणं मी उडवून लावत नाही. ४०६० चांगलंच कार्ड आहे, ११५ वॅटमध्ये एवढं काम दुसरं कार्ड करत नाही. पण दोस्त काय खेळतो ते बघ. व्हॅलोरंट १०८० पी ला ६६०० वर दोनशेच्या वर फ्रेम देतं, मॉनिटर १८० चा. जीटीए ५ आरामात. सायबरपंकच्या सेटिंग मध्यम-हाय ठेवून एफएसआर (डीएलएसएससारखीच सोय) लावलं की साठीच्या आसपास. पडणारा फरक सायबरपंकमध्ये, आणि तोही "जमलं तर" यादीतला. कार्ड तीन वर्षांनी विकून दुसरं घालता येतं, तेव्हा हाच एसएमपीएस, हाच यूपीएस कामाला येईल. एसएमपीएस उडाला तर तो एकटा जात नाही, ताईंनी सांगितलंच.

विजापूररोड_ताई | ६ मे, रात्री १०.४४

"दिवाळीला घेऊ" असं मीही म्हटलं होतं. वळीव मे महिन्यात येतो.

कडक_भाकरी | ६ मे, रात्री ११.०२

ठीक आहे, मानलं. मी जुळे सोलापुरात राहतो, इकडे लाईटचा एवढा त्रास नाही, त्यामुळे तसा विचार केला नाही. मग निदान मॉनिटर १८० हर्ट्झचाच ठेवा, तिथे कापू नका. ६० वरून १८० वर गेल्यावर माउस हातात बसल्यासारखा वाटतो, ते सुख दोस्ताला मिळालं पाहिजे. आणि डिस्प्लेपोर्टची केबल लावा.

अशोकचौकी | ७ मे, सकाळी ११.२०

रात्री दोस्ताला आणि त्याच्या वडिलांना हे सगळं वाचून दाखवलं. काका कार्डाच्या गोष्टी ऐकून घेत होते, पण तारजोडदादांचा प्रतिसाद सुरू झाल्यावर चष्मा लावून स्वतःच वाचायला बसले. म्हणाले, "मागाच्या मोटारीला अर्थिंग आहे, घराला नाही, हे मला पंधरा वर्षं माहीत होतं." आज वायरमन येतोय, तो खर्च घराचा, पीसीच्या पैशांतून नाही.

एक शंका राहिली. शेडमधली कापसाची बारीक रुई खोलीत उडून येते, पंख्याच्या पात्यांवर चार दिवसांत पांढरी साय धरते. जाळीच्या कॅबिनेटमध्ये ती शिरणार नाही का? त्यापेक्षा समोरून काच असलेलं बंद कॅबिनेट बरं पडेल का?

जुळे_सोलापूरकर | ७ मे, दुपारी २.१०

बंद कॅबिनेटमध्ये रुई थांबत नाही, फक्त हवा थांबते. फॅन फटीतून ओढतोच, आणि ओढलेली रुई मग सरळ हीटसिंकच्या पात्यांत जाऊन बसते, तिथून काढायला सगळं उघडावं लागतं. जाळीचंच घ्या, पण आत पटकन निघणारा बारीक फिल्टर हवा. पुढचे दोन फॅन हवा आत घेणारे, मागचा एक बाहेर टाकणारा. आत येणारी हवा जास्त राहिली की ती फटींतून बाहेर पडते, फटींतून आत येत नाही, म्हणजे सगळी रुई फिल्टरवरच अडते. कॅबिनेट जमिनीवर नको, टेबलावर ठेवा. कुलर, म्हणजे घरातला पाण्याचा, त्याचा झोत कॅबिनेटवर येऊ देऊ नका, बोअरच्या पाण्याचे शिंतोडे वाळले की पांढरे क्षार राहतात.

खरेदीचं म्हणाल तर मॉनिटर, कॅबिनेट, यूपीएस इथूनच घ्या. जड वस्तू, बिघडल्या तर पिशवीत घालून दुकानात नेता येतात.

हुतात्मा_एक्सप्रेस | ७ मे, दुपारी २.३५

मी शनिवारी पुण्याहून येतोय. बोर्ड, प्रोसेसर, कार्ड तिथून आणून देतो. बिलावर सिरीयल नंबर घालून घेईन आणि खोक्यावरच्या नंबराशी ताडून बघेन. बॅग मांडीवर घेऊन बसेन, काळजी करू नका.

अशोकचौकी | १३ मे, रात्री १.१५

झाला! झोप येत नाही म्हणून आत्ताच लिहितोय.

हुतात्मादादांनी शनिवारी रात्री स्टेशनवर बॅग हातात दिली, चहालाही थांबले नाहीत. रविवारी संध्याकाळी जुळेदादा स्वतः आले. माझी-त्यांची ही पहिलीच भेट. काकूंनी ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी केली होती, जेवण होईपर्यंत त्यांनी स्क्रू ड्रायव्हरला हात लावू दिला नाही. मग चटईवर पांढरा टॉवेल अंथरला, घरच्याच मागाचा, आणि त्यावर बोर्ड ठेवला. प्रोसेसर दोस्ताने बसवला. कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणाशी जुळवायचा, सोडून द्यायचा, आपल्या वजनाने तो आत बसतो, दाबायचा नाही. तेवढ्या दोन मिनिटांत त्याच्या कपाळावरून घाम टपकायला लागला, जुळेदादांनी खांद्यावरच्या पंच्याने तो टिपला, बोर्डावर पडू दिला नाही.

सगळं जोडून बटण दाबलं. फॅन फिरले, स्क्रीन काळी. दोस्ताचा चेहरा उतरला, काका दारात उभे. जुळेदादा म्हणाले, आधी बोर्डावरचा दिवा बघा. रॅमजवळचा लाल दिवा जळत होता. एक पट्टी एका बाजूने "टिक्" झाली होती, दुसऱ्या बाजूने नाही, केसाएवढी वर राहिली होती. बंद करून, प्लग काढून, दोन्ही पट्ट्या दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत पुन्हा दाबल्या. या वेळी आवाज सगळ्यांनी ऐकला. स्क्रीन उजळली तेव्हा काकांनी पहिल्यांदा खोलीत पाऊल टाकलं.

कोणी नवीन जोडणार असेल तर दोन गोष्टी विसरू नका, आम्हीही विसरलोच होतो. रॅम ३२०० ची असून २६६६ वर चालत होती, बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम पूर्ण वेगाने चालवायचा पर्याय, चालू केल्यावर ३२०० आली. आणि मॉनिटर १८० चा असून विंडोज त्याला ६० वरच चालवत होतं, डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन बदलावं लागलं.

खोलीत ३७ अंश होते. तासभर जीटीए चालवला, प्रोसेसर ७२, कार्ड ७४. यूपीएसचा प्लग मुद्दाम काढून बघितला, खेळ चालू राहिला. पत्र्याला हात लावला, काही नाही. न्यूट्रल-अर्थ १.१ व्होल्ट.

तारजोड | १३ मे, सकाळी ६.५०

१.१ उत्तम. पाणी ओतत राहा.

कडक_भाकरी | १३ मे, सकाळी १०.००

दोस्ताला आयडी पाठवायला सांगा, रात्री पाच जणांची टीम करू.

अशोकचौकी | १८ ऑगस्ट, सायंकाळी ६.३०

धागा वर काढतोय, तीन महिन्यांची खबर द्यायला. जूनमध्ये एका रात्री लाईट सात वेळा गेली, पीसीला काही झालं नाही. फिल्टर दर रविवारी काढतो. आज काढला तर रुईचा अख्खा थर एका तुकड्यात निघून आला, तळहाताएवढा, मऊ, विणायचाच बाकी असलेल्या टॉवेलसारखा. आत टॉर्च मारून बघितलं, कुलरच्या पात्या अजून चकचकीत आहेत.

आणि काल काका येऊन पीसीसमोर बसले. टॉवेलच्या किनारीचं जॅकार्डचं डिझाइन आत्तापर्यंत बाहेरून करून आणत होते, ते यावर घरी करता येईल का असं विचारत होते. त्यातलं सॉफ्टवेअर कोणाला माहीत असेल तर सांगा, त्यासाठी वेगळा धागा काढतो.